राजाच्या बागेतली तंबाखू

निघण्याआधी

राजवाडा बघायला जाताना काय न्यायचं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आई म्हणाली, "भाकरी बांधून घे." आप्पा म्हणाले, "स्वेटर घे, थंड मुलूख हाय तो." मी दोन्ही घेतलं. भाकरी बंगळूरच्या विमानतळावरच संपली आणि स्वेटर एकदाही अंगावर चढला नाही, कारण आम्ही गेलो तेव्हा तिकडं उन्हाळा होता.

मी बेळगावात बी.एस्सी. करते. विषय उद्यानविद्या, म्हणजे फळं, फुलं, बागा. तिथंच अनगोळात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. घर निपाणीजवळच्या एका खेड्यात. आप्पा टेम्पो चालवतात, आई तंबाखूच्या रानात रोजगाराला जाते. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. या जुलैत आमच्या कॉलेजच्या पाच मुलांना जर्मनीच्या पूर्व भागातल्या एका जुन्या उन्हाळी राजवाड्याच्या बागेत आठ दिवस राहून काम बघायची आणि थोडं करायची संधी मिळाली. परत आल्यापासून जो तो विचारतो, वाडा कसा होता? म्हणून हे लिहिते आहे. पण आधीच सांगते, वाड्याची माहिती माझ्याकडून कमी मिळेल. त्या आठ दिवसांतला बराच वेळ माझी नजर माझ्याच हातांवर होती.

आमच्याबरोबर हिरेमठ सर होते. सर धारवाडकडचे. मराठी छान बोलतात, पण बोलणं संपलं की 'आयतु' म्हणतात, म्हणजे 'झालं, कळलं ना?' निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा पाचही जणांना समोर उभं केलं.

"बघा, आपल्या कॉलेजची ही पहिली खेप. तिथल्या बागेच्या प्रमुख बाई शेवटच्या दिवशी मला सांगणार, पुढच्या वर्षी आपली मुलं घ्यायची का नाही. तुम्ही नीट वागलात तर मागच्यांना वाट. नाहीतर तुमच्याबरोबरच बंद. आयतु?"

आम्ही मान हलवली.

आमच्या वस्तीतली ज्योती माझ्यामागं एक वर्ष, त्याच कॉलेजात आहे. वस्तीच्या विहारात मला निरोप दिला तेव्हा फुलांचा गुच्छ तिनंच आणला होता. निपाणीच्या स्टँडपर्यंत माझी बॅग तिनं उचलली. तिच्या वडिलांनी तिच्या पासपोर्टासाठी अर्जही करून टाकला होता.

"ताई, तू नुस्तं नीट जाऊन नीट ये," ती खिडकीतून म्हणाली. "पुढल्या साली मी."

विमानतळावर बॅगेचं वजन करतात. ज्योतीच्या त्या 'नीट'चं वजन कुणी केलं नाही, ते माझ्याबरोबर तसंच आलं.

चढावरचा वाडा

प्रवासाचं काही सांगत नाही. बसणं, झोपणं, रांगेत उभं राहणं, एवढंच. सांगण्यासारखं सुरू झालं ते त्या छोट्या गावात गाडीतून उतरल्यावर. खाली नदी, दगडी फरसबंदीचा रस्ता, लाल कौलांची घरं, आणि गावाच्या डोक्यावर डोंगराच्या उतारावर तो वाडा. त्याचं खरं नाव आमच्यातल्या एकालाही धड म्हणता येईना. संतोषनं पहिल्याच संध्याकाळी त्याला 'वरचा वाडा' म्हटलं आणि आठही दिवस तेच नाव चाललं.

संतोष कडोलीचा. घरी बटाट्याची शेती. कुठल्याही गावात गेला की तिथला बटाटा कसा आहे हे तो आधी बघतो. पहिल्या जेवणात उकडलेल्या बटाट्यांचं गार कोशिंबिरीसारखं काहीतरी आलं. त्यानं काट्यानं एक फोड उचलून उजेडाला धरली.

"बटाटा चांगला हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "पण गार करून घात केलाय बघ ह्यांनी."

गावात सगळ्या पाट्या एकाच भाषेत. आमच्याकडं पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून केवढं होतं! कन्नड, मराठी, इंग्रजी, अशा तिन्ही वाचत आम्ही वाढलो. इथं वाद नव्हता, पण जी एक भाषा होती ती मला येत नव्हती. त्यामुळं प्रत्येक पाटी मला 'हात लावू नका' असंच काहीतरी सांगते आहे, असं वाटायचं.

वाडा बरोक शैलीतला आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी युरोपात ही पद्धत होती. म्हणजे सरळ रेघ असेल तिथं वळण द्यायचं, मोकळी भिंत दिसली की तिथं फुलं, शिंपले, गुबगुबीत गालांची पंखवाली बाळं घडवायची, आणि त्यावर सोनेरी मुलामा. बाहेरून भिंती पिकल्या लिंबाच्या रंगाच्या, वर तांब्याचं हिरवं पडलेलं छप्पर. पुढच्या दारातून दोन जिने दोन बाजूंना गोल वळून खाली बागेत उतरतात. आत जाताना बुटांवर चढवायला लोकरीच्या मोठमोठ्या सपाता देतात, लाकडी फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून. संतोष त्या घालून लादी पुसल्यासारखा घसरत चालला होता. मला मात्र घाम फुटला होता. आरसे, काचेची झुंबरं, चिनी मातीची उंच फुलदाणी, आणि माझ्या पाठीवर फुगलेली बॅग. मी बॅग काढून पोटाशी धरली आणि दोन्ही हात तिच्याभोवती बांधले.

राजा म्हणे वर्षातून दोनच महिने इथं यायचा, शहरातला उन्हाळा सोसवेना म्हणून. माहिती सांगणाऱ्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा बाहेर छान ऊन पडलं होतं आणि वारा गार होता.

"ह्यो उन्हाळा?" संतोष माझ्या कानाशी पुटपुटला. "आमच्यात दिवाळीला असं असतंय. ह्या राजाला एप्रिलात निपाणीच्या स्टँडवर हुबा करायला पायजे."

मला हसू आलं, पण मोठ्यानं हसायची भीती वाटली.

खरं बघण्यासारखं होतं ते वाड्याच्या पुढं. सगळा उतार कापून सहा रुंद टप्पे केलेले. प्रत्येक टप्प्याला दगडी भिंत आणि भिंतीला टेकून नाशपातीची झाडं, फांद्या दोन्हीकडं सरळ पसरून तारांना बांधलेल्या. मधोमध पायऱ्या. वरच्या टप्प्यावर संत्र्याची झाडं लाकडी पेट्यांत. हिवाळ्यात ती गाड्यावर घालून काचेच्या घरात नेतात. उताराला टप्पे आमच्याकडंही असतात. खानापूरकडं भाताची रानं तशीच आहेत. पण आमचा शेतकरी ताल, म्हणजे दगडी बांध, घालतो तो माती वाहून जाऊ नये म्हणून. इथं राजानं डोंगर कापला तो खिडकीतून खाली बघताना बरं दिसावं म्हणून. दोन्हीकडं दगड मात्र माणसांनीच वाहिले असणार.

बागेच्या प्रमुख लिंडनरबाई पन्नाशीच्या. उंच, करडे केस बारीक कापलेले, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कमरेला वाकड्या पात्याचा चाकू. आमच्यासारख्याच अडखळत इंग्रजी बोलायच्या. ते ऐकून थोडा धीर आला. आम्ही त्यांच्यासाठी बेळगावची दुधाची मिठाई, कुंदा, नेला होता. त्यांनी डबा उघडला, वास घेतला, आणि दुपारच्या सुट्टीत सुरीनं कुंदा उचलून लोण्यासारखा पावाच्या तुकड्यावर फासला. आम्ही पाचही जण बघत राहिलो.

"चुकीचं खाते आहे का मी?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," सर घाईनं म्हणाले. "असंही खातात."

कुठं असं खातात, ते सरांनाच माहीत.

चौथा टप्पा

पहिले दोन दिवस मी एवढी जपून वागले की संतोष म्हणाला, "श्वास घ्यायला तरी परवानगी इचारू नगंस." मी खरंच सगळं विचारत होते. या गवतावर चालू का? ही कात्री उचलू का? नळ उघडू का? लिंडनरबाई प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणायच्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

तिसऱ्या दिवशी त्या आम्हाला चौथ्या टप्प्यावर घेऊन गेल्या. रविवारी बागेचा उत्सव असतो, गावातली माणसं कुटुंबासह येतात, आणि सगळ्यांत जास्त गर्दी या टप्प्यावर होते, असं त्या सांगत होत्या. फुलझाडांचे वाफे नक्षीसारखे आखलेले, कडेला कातरलेलं बुटकं कुंपण. लिंडनरबाई त्या कुंपणाच्या कातरणीबद्दल बोलू लागल्या. सर मधूनमधून कन्नड-मराठीत समजावत होते. मी वाफ्याच्या कडेला उभी होते.

आणि माझ्या शेजारी तंबाखू होती.

आधी वासानं कळलं. पानाचा तो दमट, कडसर वास मी झोपेतही ओळखीन. मग बघितलं. छातीएवढी उंच झाडं, रुंद पानं, पानांवर चिकट लव. आमच्या तंबाखूपेक्षा पान थोडं फिकं, पण तंबाखूच. राजाच्या बागेत, सोनेरी वाड्यासमोर, आमच्या निपाणीची तंबाखू! मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा मला ओळखीचं काहीतरी दिसलं होतं. परक्या गावात नात्यातलं कुणी भेटावं, तसं झालं.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. आमच्याकडं तंबाखूला फूल येऊ देत नाहीत. कळीचा तुरा दिसला रे दिसला की अंगठा आणि बोटाच्या चिमटीत शेंडा धरून खुडतात. मग झाडाचा सगळा जोर पानात उतरतो. पान जाड होतं, आणि पानालाच भाव. खुडणी बायकांचं काम. आईबरोबर शाळेच्या सुट्टीत मीही जायचे. एक सरी तिची, एक माझी. ती खुडता खुडता गावभरच्या गोष्टी सांगायची. डोळ्यांनी बघायला लागत नाही. हात पुढं जातो, टक् आवाज होतो, शेंडा सरीत पडतो, पाय पुढं सरकतो.

लिंडनरबाई कुंपणाबद्दल बोलत होत्या. मी ऐकत होते. खरंच ऐकत होते.

सगळे एकदम गप्प झाले तेव्हा मी वर बघितलं. सगळ्यांचे डोळे माझ्याकडं. मी मघाच्या जागेपासून बरीच पुढं सरकले होते. माझ्यामागं वाफ्याची जवळजवळ अर्धी ओळ बोडकी उभी होती, आणि मातीत लांब नळीची, खाली झुकणारी पांढरीशुभ्र फुलं घोसाघोसानं पडली होती. शेवटचा घोस माझ्या हातात होता.

तो टाकावा की धरून ठेवावा, हेही मला कळेना.

लिंडनरबाई जवळ आल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी एक बोडका शेंडा बोटानं चाचपून बघितला. "का?" एवढंच म्हणाल्या.

माझं सगळं इंग्रजी तिथंच आटलं. "फूल... खराब... पान चांगलं," असलं काहीतरी मी बोलले. त्यांना काय कळलं असेल, देव जाणे. त्यांनी घड्याळात वार बघितला, ओळीकडं बघितलं, आणि रविवार असं काहीतरी त्यांच्या भाषेत पुटपुटल्या.

"सुजाता," सरांचा आवाज चिरका झाला होता, "काय केलंस हे?"

"सर, हात गेला."

"हात गेला म्हणजे?"

तेवढ्यात मागून संतोष म्हणाला, "राजाच्या बागंत बी रोजगार धरलीस व्हय गं?"

दोघंजण फिस्सकन हसले. संतोषच्या मनात वाईट नव्हतं, ते मला आता कळतं. त्यांच्या रानात बटाटे काढायला आमच्यासारख्याच बायका येतात, आणि त्यानं ते तोंडात आलं तसं म्हटलं. पण त्या क्षणी मला कुणीतरी पाच मुलांतून बाहेर काढून परत सरीत उभं केल्यासारखं वाटलं. मी खाली बघितलं. अंगठ्याला लागलेला चिकट चीक काळा पडायला लागला होता.

परतताना सर माझ्याबरोबर चालले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मी काही विचारलं नाही बाईंना," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी सांगणारच आहेत त्या. आता काय म्हणतील ते म्हणतील."

मुक्कामी आलो तर ज्योतीचा मेसेज येऊन पडला होता. 'ताई बाग बघितलीस? फोटो टाक की!' मी फोन उलटा करून ठेवला. घरीही फोन केला नाही. आईला काय सांगणार? संतोष जेवणाच्या वेळी पाव आणि चीज घेऊन आला, माझ्यासमोर ठेवलं आणि उभाच राहिला.

"मघाशी जरा जास्त बोललो," तो म्हणाला. "खा की आता. गार बटाटा न्हाय आणला."

मी खाल्लं. तोंडाला कडू लागलं, कारण हात नीट धुतलाच नव्हता.

ढकलगाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, सुजाताला खाली रोपवाटिकेत पाठवा, बाकीचे नाशपातीच्या भिंतीकडं. मला वाटलं, आता मला बागेत यायचंच नाही म्हणून सांगणार. पायऱ्या उतरताना मी मनात इंग्रजीतून माफीचं वाक्य जुळवत होते. क्रियापद कुठं घालायचं ते दर पायरीला बदलत होतं.

लिंडनरबाई ढकलगाडीशी उभ्या होत्या. गाडीत कुंड्या, कुंड्यांत तीच तंबाखू, फुललेली. कुठलं रोप दगावलं तर लावायला त्या काही झाडं मागं राखून ठेवतात. मी माफीचं वाक्य म्हटलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि गाडीचा एक दांडा माझ्या हातात दिला.

"वर न्यायचंय," त्या म्हणाल्या. "जड आहे."

ज्यानं वाफा बिघडवला त्यानंच तो भरायचा, अशी त्यांची पद्धत दिसली. दोघींनी मिळून गाडी चौथ्या टप्प्यापर्यंत ढकलली. पायऱ्यांच्या कडेनं उताराची वाट आहे, तिथं दोनदा थांबावं लागलं. मग खुडलेलं एकेक झाड मुळासकट काढायचं आणि तिथं फुललेलं लावायचं. बाई खड्डा करायच्या, मी रोप धरायचे, माती दाबायचे. फूल हाताला लागू नये म्हणून मी रोप इतकं लांबून धरत होते की बाईंनी शेवटी माझं मनगट धरून जवळ ओढलं.

"तुमच्याकडं कसं करतात?" त्यांनी विचारलं.

मी हवेतच चिमूट करून दाखवली. आधी एकदा, मग चालत चालत, सरीतून जावं तशी. "माझी आई करते. मीही. लहानपणापासून."

त्या हसल्या नाहीत. बघत होत्या.

काढलेल्या झाडांचा ढीग झाला होता. त्यांची मुळं शाबूत होती, पानं ताजी होती. मला राहवेना. मी धीर करून म्हटलं, "ही कुठंतरी लावली तर? खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात. त्यांना फुलं येतील."

"कधी?"

"दोन-तीन आठवड्यांनी."

"माझा उत्सव रविवारी आहे," बाई म्हणाल्या, "आणि कुंड्या संपल्या." त्यांनी टेकडीमागच्या खताच्या खड्ड्याकडं बोट केलं. ती झाडं मीच गाडीत घालून नेली आणि खड्ड्यात टाकली. तंबाखूची धडधाकट झाडं अशी टाकताना आई असती तर तिनं काय म्हटलं असतं, याचा विचार मी केला नाही. करायचा नाही असं ठरवलं होतं.

परत आले तर बाई भिंतीच्या सावलीत बसून डबा उघडत होत्या. त्यांच्या बोटांवर काळा चीक होता. तंबाखूचा चीक नुसत्या पाण्यानं जात नाही. आमच्याकडं बायका आधी कोरडी माती हातावर खसाखसा चोळतात, मगच पाणी, आणि मग भाकरी. हे त्यांना सांगावं का? काल एवढं झाल्यावर आज मी बाईंना हात कसे धुवायचे हे सांगू? 'चोळणे'ला इंग्रजीत काय म्हणतात? मी हे ठरवत होते तोवर त्यांनी पावाचा मोठा घास घेतला.

त्यांचं तोंड असं वाकडं झालं की मी घाबरून उभीच राहिले. त्या थुंकल्या. पाण्याची बाटली तोंडाला लावली, परत थुंकल्या. मला वाटलं, झालं. फुलं तोडली, आता प्रमुख बाईंना तंबाखू चारली. पुढच्या वर्षीचं सोडाच, आम्हाला आजच परत पाठवतील.

मी मूठभर माती उचलली आणि काही न बोलता त्यांच्यासमोर हातावर चोळून दाखवली. त्यांनीही घेतली. दोघी समोरासमोर बसून बराच वेळ हात चोळत होतो.

"रोज असं कडू खाते तुझी आई?" त्यांनी विचारलं.

"हंगामात. सवय होते," मी म्हटलं. मग खरं ते सांगितलं, "सवय होत नाही."

त्यांनी मान हलवली. पावाचा उरलेला तुकडा त्यांनी चिमण्यांना टाकला आणि त्या उठल्या. त्या रागावल्यात की नाहीत, ते मला त्यांच्या पाठीवरून काही कळेना.

शेवटचा दिवस

मधले दिवस बरे गेले असावेत. आम्ही कुंपण कातरलं, संत्र्याच्या पेट्यांना रंग दिला, नदीकाठी एका म्हातारीच्या दुकानात आंबट लाल फळांचा केक खाल्ला. रविवारच्या उत्सवात लहान मुलं चौथ्या टप्प्यावर पळत होती आणि भरलेली ओळ जुन्या ओळीपेक्षा थोडी बुटकी आहे हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नसावं. मी मात्र बागेत शिरलं की दोन्ही हात पाठीमागं धरून चालत होते. संतोष म्हणाला, "पाटलीणबाई पाहणीला निघाल्या." या वेळी मला हसू आलं.

शेवटच्या दिवशी काम चार वाजता संपलं. हत्यारं ठेवायच्या खोलीसमोर एक बाकडं आहे. त्यावर लिंडनरबाई आणि सर बसले, आम्ही पाच जण उभे. मी सगळ्यांत मागं होते. ज्योतीच्या मेसेजला मी अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यानंतरचे तिचे आणखी तीन येऊन पडले होते.

बाई आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मुलं वेळेवर येतात. हत्यारं पुसून ठेवतात. "तो," त्यांनी संतोषकडं बघितलं, "बटाट्याबद्दल फार बोलतो." मग त्या थांबल्या. माझ्याकडं मान वळवली.

"पुढच्या वर्षी पाठवा," त्या सरांना म्हणाल्या. "पण जुलैत नको. मे महिन्यात पाठवा. लावणीला." थोडं थांबून त्यांनी पुढं म्हटलं, "फुलं यायच्या आधी."

सर मोठ्यानं हसले. मग पोरं हसली. बाईंचा चेहरा तसाच होता, फक्त डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. मी दाराच्या चौकटीला टेकले.

बाई उठून गेल्यावर सरांचं हसू हळूहळू मावळलं. "मे," ते स्वतःशीच म्हणाले. "मेमध्ये आपली परीक्षा असते की." माझा चेहरा बघून ते म्हणाले, "ते मी बघतो. युनिव्हर्सिटीत बोलतो, तारखा पुढंमागं होतात. तू घाबरायचं थांबव आता. आयतु?"

मी ज्योतीला लिहिलं, 'पुढच्या वर्षी घेणार आहेत. मेमध्ये. लावणीला.'

लगेच उत्तर आलं. 'परीक्षा?' आणि मी काही लिहायच्या आत दुसरं, 'बघू की. पासपोर्ट तर येऊ दे.'

मग मी लिंडनरबाईंना शोधलं आणि विचारलं, शेवटचं एकदा वर जाऊन येऊ का? त्या म्हणाल्या, "बाग आठपर्यंत सगळ्यांना उघडी असते. विचारतेस कशाला?"

चौथ्या टप्प्यावर कुणी नव्हतं. ऊन तिरकं झालं होतं, लिंबाच्या रंगाचा वाडा वर उभा होता. आमच्याकडं रात्रीची जेवणं झाली असणार. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आधी तिचं कपाळ दिसलं, मग छतावरचा बल्ब, मग अर्धा चेहरा.

"कुठं हाईस? एवढं ऊन कसं गं अजून?"

"बागेत हाय. हे बघ." मी कॅमेरा वळवला.

पांढऱ्या फुलांची आख्खी ओळ वाऱ्यावर हलत होती.

"आगं बया!" आई एकदम ओरडली. "ही तर तंबाखू! सगळी फुलावर गेलीया की गं! खुडाय कोण न्हाय व्हय तितं?"

"न्हाय आई. फुलासाठीच लावत्यात हितं."

"फुलासाठी?"

"व्हय. पान कोण तोडत न्हाय."

"ओ, हिकडं या," तिनं आप्पांना हाक मारली. "राजाच्या वाड्यात तंबाखू लावलीया, बघा." आप्पांचा कान आणि गाल दिसला. "पानाला काय भाव तिकडं?" त्यांनी विचारलं. पान विकतच नाहीत म्हटल्यावर ते "असूंदे" म्हणाले आणि बाजूला झाले. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

"जरा जवळ ने," आई म्हणाली.

मी फोन फुलाजवळ नेला. दुसरा हात अजून पाठीमागंच होता.

"वास येतोय का गं?"

मी वाकून बघितलं. त्या फुलांना संध्याकाळी वास सुटतो, तो नुकता सुरू झाला होता. गोड, जाईसारखा, पण थोडा हलका. मी तसं सांगितलं.

"बियाला म्हणून चार झाडं सोडत्यात बघ मालक," आई म्हणाली. "पण तितं थांबाय येळ कुणाला. आपली सरी पुढं." मला वाटलं आता ठेवते म्हणेल, म्हणून मी कॅमेरा माझ्याकडं वळवायला लागले.

"फिरवू नगंस," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच. बघू दे जरा."

मी फोन तसाच धरून उभी राहिले.